चौथा सेकंद

सप्टेंबर सरत आला की आमच्या स्टॅनमोरच्या घरात दोन गोष्टी होतात. घर तापवणारा बॉयलर कुरकुरायला लागतो, आणि आमचे हे गराजमधून दोन घडीच्या खुर्च्या बाहेर काढतात. हिरव्या कापडाच्या, हाताशी कप ठेवायला जाळीचा खिसा असलेल्या. काल काढल्या तेव्हा एका खुर्चीच्या पायांना बेसिंगस्टोकचा चिखल तसाच होता, वाळून पांढरा पडलेला. हे ओलं फडकं घेऊन निघाले. मी म्हटलं, तेवढा राहू द्या. रिटायर झालेल्या सर्जनला घाण राहू द्या म्हटलं की त्याचा जीव कासावीस होतो, पण ह्यांनी ऐकलं. त्या चिखलाचं मोल मला जेवढं ठाऊक आहे तेवढंच त्यांनाही.

बाहेर मेपलची पानं ओली होऊन फुटपाथला चिकटली आहेत, कुणीतरी कुठेतरी पालापाचोळा जाळतंय, आणि साडेसहालाच दिवे लावावे लागतायत. हा वास आला की मला तीन वर्षांपूर्वीचा ऑटम आठवतो. त्या ऑटममध्ये मी माझ्या नवऱ्याशी दहा आठवडे बोलत नव्हते, आणि दर रविवारी त्याच्या शेजारी बसून अमेरिकन फुटबॉल बघत होते. दोन्ही गोष्टी मला आयुष्यात त्याआधी कधी जमल्या नव्हत्या.

मी भूलतज्ज्ञ. आमच्या कामाचं दुखणंच असं आहे, की ते जितकं चांगलं व्हावं तितकं ते झालंच नाही असं पेशंटला वाटतं. दहापासून उलटे आकडे मोजा म्हणायचं, सातवर तो जातो, आणि डोळे उघडतो तेव्हा सगळं उरकलेलं असतं. मधल्या वेळात त्याचा श्वास कोण घेत होतं, ह्याची त्याला गंधवार्ता नसते. माझी अख्खी कारकीर्द म्हणजे ज्यांना मी आठवत नाही अशा हजारो माणसांची रांग आहे. ह्यात तक्रार नाही. आठवण राहिली असती तरच पंचाईत होती.

ह्यांना मात्र सगळे ओळखतात. ह्या देशात सर्जन झालं की नावापुढचं डॉक्टर काढून मिस्टर लावतात. सासूबाईंना ते शेवटपर्यंत डिमोशन वाटायचं, आणि त्या पुण्यात कुणाला सांगायच्या नाहीत. वेम्बलीला ईलिंग रोडवर भाजीला गेलो की पन्नास पावलांत ह्यांनी उघडलेलं एक तरी पोट भेटतं. हे चेहरे विसरतात, पोटं विसरत नाहीत. त्यातल्या सविताबेन तर ठरलेल्या. ह्यांनी त्यांचं पित्ताशय काढलं त्याला बारा वर्षं झाली, पण दर वेळी त्या भर दुकानात ह्यांचे दोन्ही हात धरणार, डॉक्टरसाहेबांच्या हातात जादू आहे म्हणून सांगणार, आणि पदराआडून पोटावरची खूण दाखवण्याची तयारी करणार. मी शेजारी पिशवी धरून उभी. त्याच ऑपरेशनला सव्वा तास मीही होते, त्यांच्या उशाशी. त्या माझ्याकडे बघून हसायच्या आणि विचारायच्या, कोथिंबीर ताजी आहे, घेतली का?

ह्याचंही मला काही वाटत नसे. खरं सांगते. निदान त्या ऑगस्टपर्यंत वाटत नसे.

ऑगस्टच्या अखेरीला हे रिटायर झाले. मी वर्षभर आधीच झाले होते. मला एक कार्ड आणि एक कुंडी मिळाली होती. ह्यांना मात्र हॉस्पिटलच्या मोठ्या हॉलमध्ये समारंभ, सँडविचेस, केकवर साखरेची कात्री. हे भाषणाला उभे राहिले. ह्यांनी नर्सेसचे आभार मानले. पोर्टर्सचे मानले. सेक्रेटरीचे मानले, कॅन्टीनमधल्या बाईंचे मानले, एकदा पास विसरला असताना कार पार्कचं बॅरियर उघडणाऱ्या माणसाचे मानले. शेवटी कॉफी मशीनचेही मानले. सगळे खळखळून हसले, आणि हे खाली बसले. मी पहिल्या रांगेत, मोरपंखी साडी नेसून. सव्वीस वर्षं दर मंगळवारी आमची ऑपरेशनची लिस्ट एकत्र असायची. हिरव्या पडद्याच्या त्या बाजूला हे, ह्या बाजूला मी. टाळ्या संपल्यावर ऑपरेशन थिएटरमधली जुनी सिस्टर माझ्याजवळ आली आणि कुणी गेल्यावर दाबतात तसा माझा दंड दाबून गेली.

घरी येताना गाडीत मी विचारलं, "कुणी राहिलं नाही ना?"

"नाही," हे समाधानाने म्हणाले. "यादी केली होती."

"आणि मी?"

ह्यांनी माझ्याकडे खरोखरच चक्रावून पाहिलं. "तुझे आभार? आपल्या माणसाचे आभार कोण मानतं?"

पंचाईत अशी, की त्यात खोट काढता येईना. मीही त्याच संस्कारातली. लहानपणी मावशीने लाडू दिल्यावर शाळेतून नुकतंच शिकून आलेलं थँक्यू म्हणाले, तर तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला होता. घरच्यांचे आभार मानायचे म्हणजे त्यांना परकं करायचं, हे आम्हा दोघांच्याही हाडात मुरलेलं. पण ते घरात. भरल्या हॉलमध्ये कॉफी मशीनचा नंबर लागतो आणि माझा नाही, तेव्हा हाडात काय मुरलंय ते कोण बघतं? माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की तोंडातून शब्द फुटेना. मग ठरवलं, फुटूच द्यायचा नाही. नेमकं काय चुकलं हे ह्यांना आपणहून कळत नाही, तोवर ह्यांना 'अहो' म्हणून हाक मारायची नाही. सांगून कळलेलं मला नको होतं.

अबोला सुरुवातीला झकास चालतो. पहिल्या आठवड्यात आपण रुबाबात असतो, भांडी जरा जोरात ठेवतो. दुसऱ्या आठवड्यापासून व्यवहाराच्या अडचणी सुरू होतात. कचऱ्याच्या बिनची गाडी उद्या की परवा, हे कसं विचारणार? मी फ्रिजवर पिवळ्या चिठ्ठ्या लावायला लागले. ह्यांनी त्याखाली उत्तरं लिहायला सुरुवात केली, पण ते अक्षर सर्जनचं, ते वाचायला पुन्हा त्यांनाच विचारावं लागणार. शेवटी आम्ही फोनवरच्या तिघांच्या ग्रुपचा आसरा घेतला. तिसरी म्हणजे आमची मुलगी, रेवा. जन्म इथलाच, वय सत्तावीस, बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते आणि तिथेच एकटी राहते. मी लिहायची, रेवा, बाबांना सांग की आमटीत मीठ बरोबर आहे. त्यांचं खालच्या खोलीतून उत्तर यायचं, रेवा, आईला सांग की मी मिठाबद्दल काही बोललोच नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिने फोन केला. "आई, मी तुमचा राउटर नाहीये," ती म्हणाली. "संडेला तुम्ही दोघं या. माझा टीमचा सीझन चालू होते. दोघं एका गाडीत या, पेट्रोल वेस्ट नको."

तिच्या मराठीत लिंगं जत्रेतल्या मुलांसारखी हरवतात, पण मुद्दा कधी हरवत नाही.

म्हणून आम्ही जायला लागलो. स्टॅनमोर ते बेसिंगस्टोक सव्वा तास, त्यात गाडीत बोलणारी बाई एकच, ती रस्ता सांगणाऱ्या सॅटनॅवमधली. हे तिच्याशी बोलायचे. ती डावीकडे वळा म्हणाली की "बरं" म्हणायचे. चूक झाली की ती शांतपणे दुसरा रस्ता काढायची. हे एकदा आरशात बघत म्हणाले, किती समजूतदार बाई आहे. मी खिडकीबाहेरच्या मेंढ्या मोजत राहिले.

मैदान म्हणजे कौन्सिलचं एक ओलं कुरण. कडेला कांदा परतणारी बर्गरची व्हॅन, आणि सगळ्या पोरींच्या अंगाला दुखण्यावरच्या मलमाचा वास. तो वास आणि परतलेला कांदा एकत्र आले की आजही मला थंडी वाजते. पोरी खांद्यांवर प्लॅस्टिकची कवचं चढवून, हेल्मेटं घालून उभ्या राहायच्या, आणि एकमेकींवर आदळल्या की स्वयंपाकघरात डब्यांची चळत कोसळावी तसा आवाज व्हायचा. मी आणि हे खुर्च्या लावून शेजारी शेजारी. कुणी लंगडत उठलं की हे समोर बघत म्हणायचे, "मेनिस्कस." मी थर्मासला सांगायची, "लिगामेंट." दोघांपैकी कुणीही एकमेकांशी बोलत नव्हतं, फक्त निदान चाललेलं असायचं.

पहिल्या मॅचला मला रेवा दिसलीच नाही. मी बॉलकडे बघत होते, आणि जिथे बॉल तिथे आमची पोर कधीच नसायची. लांब कडेला, चोवीस नंबरचा शर्ट घालून, ती एका परक्या पोरीच्या मागे नुसती पळत होती. बॉल भलतीकडेच. तासभर अशी पळून ती घामेघूम होऊन आली, आणि मी सहानुभूतीने म्हटलं, तुला आज खेळायला नाही मिळालं का गं?

त्या दिवशी तिने तिच्या फ्लॅटवर नेऊन आम्हाला टेबलाशी बसवलं. मी नेलेला चिवडा ताटलीत ओतला आणि त्यातून खेळ मांडला. मधोमध एक काजू. तो क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारी. डाळं तिच्या मैत्रिणी. काही तिच्यापुढे भिंत करून उभ्या, काही पुढे पळणार, कारण त्यांच्याकडे बॉल फेकायचा आहे. शेंगदाणे आपले. त्यातले काही भिंत फोडून सरळ काजूवर धावून जातात. तो रश. बाकीचे पळणाऱ्या डाळ्यांना चिकटून राहतात, म्हणजे काजूला बॉल फेकायला कुणी मोकळंच दिसत नाही. ते कव्हरेज. रेवा कव्हरेजमधली.

"बघ आई, भिंत तोडायला टाइम लागतो. थ्री सेकंड्स, फोर. मी माझी मुलगीला सोडला, तर बॉल दुसऱ्या सेकंदाला जाते. मग बेथ पोचून काय करणार? पण मी चिकटून राहिले, तर ती इकडे बघते, नाही. तिकडे बघते, नाही. बॉल हातातच. आणि चौथ्या सेकंदाला..." तिने बोटाने एक शेंगदाणा काजूवर आपटला. "बेथ."

बॉल हातात असतानाच फेकणारीला असं खाली पाडलं की त्याला सॅक म्हणतात. तो सामन्यातला सगळ्यात गाजणारा क्षण. आणि वहीत नाव लागतं पाडणाऱ्या मुलीचं. मी विचारलं, आणि तुझं? रेवाने खांदे उडवले. तिचं कुठेच लागत नाही. तिच्या कोपऱ्याकडे बॉल आलाच नाही, दिवसभरात तिचं नाव कुणी घेतलंच नाही, तर समजायचं ती उत्तम खेळली.

मी खुर्चीत ताठ झाले. सव्वीस वर्षांचं माझं आत्मचरित्र पोरीने चिवड्यात मांडलं होतं. पाण्याच्या जगकडे बघून मी स्वच्छ आवाजात म्हटलं, "ऐकलं का, काय म्हणाली ते? चांगलं काम केलं की नाव लागत नाही." जगने ऐकलं असावं. हे मात्र विचारात पडले होते, आणि त्या विचारातच त्यांनी क्वार्टरबॅक खाल्ला.

बेथ म्हणजे टीममधली रशवाली. वेल्सची, धंद्याने बाथरूमच्या फरशा बसवणारी, खांदे असे की ती दारातून आली की खोलीत उजेड कमी व्हायचा. मनाने लोणी. माझ्या बटाटेवड्यांवर तिचा इतका जीव जडला की मी दर रविवारी डझनभर जास्तच नेऊ लागले. तिने सॅक केली की ती चिखलात लोळायची, उठायची, आभाळाकडे बघून गर्जना करायची आणि दिसेल त्याला मिठी मारायची. कोच गॅरी, एरवी शाळेत भूगोल शिकवणारा शांत माणूस, तिच्यावर ह्याच एका गोष्टीसाठी चिडायचा. त्याचा टीमला एक नियम होता. सॅक केली की नाचा, ओरडा, काय हवं ते करा, पण आधी मागे वळून त्या मुलीकडे बोट दाखवा, जिने तुम्हाला तो चौथा सेकंद दिला. बेथ प्रत्येक वेळी विसरायची. मग आठवलं की दहा मिनिटांनी येऊन रेवाची माफी मागायची, हातात माझा वडा धरून.

मला तो नियम भयंकर आवडला. आमच्या हॉस्पिटलात तो असायला हवा होता, असं मी रेवाला फोनवर ऐकवलं, हे शेजारच्या खोलीत आहेत आणि दार उघडं आहे ह्याची खात्री करून.

पाचव्या रविवारी मात्र माझी जिरली. पाऊस तिरका पडत होता, छत्रीला न जुमानणारा. बेथचा घोटा सुजला होता आणि ती निम्म्याच जोराने धावत होती. समोरच्या क्वार्टरबॅकला कुणी हातच लावेना. ती बॉल धरून निवांत उभी राहायची, आणि बघत बसायची. रेवा आपल्या पोरीला चिकटून पळत होती, तीन सेकंद, चार, पाच. सहाव्याला ती पोरगी गर्रकन वळली, रेवा सरळ गेली, आणि बॉल रेवाच्या डोक्यावरून अलगद त्या पोरीच्या हातात. एकदा नाही, तीनदा. आता सगळ्यांना रेवा दिसली. मागे उभा असलेला कुणाचा तरी बाप म्हणाला, त्या चोवीस नंबरने आज वाट लावली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वळून त्याला भूल द्यावी असं वाटलं, कायमची.

मॅच संपल्यावर रेवा गवतावर बसून राहिली. गॅरी तिच्यापुढे उकिडवा बसला. मी टॉवेल घेऊन गेले होते, म्हणून ऐकू आलं. तो म्हणाला, सहा सेकंद कुणीच चिकटून राहू शकत नाही, कितीही गुणी असो. पळणारीला ठाऊक असतं ती कुठे वळणार आहे. मागचीला ते वळल्यावर कळतं. तू बेथला चौथा सेकंद देतेस, हे खरं. पण तुला पाचवा सेकंद बघायची पाळी येत नाही, ती बेथमुळे. आज ती नव्हती, म्हणून तू उघडी पडलीस.

मी टॉवेल तिच्या डोक्यावर टाकला आणि परत येऊन खुर्चीत बसले. हा अर्धा भाग मी चिवड्यात पाहिलाच नव्हता. आपल्याला सोयीचं तेवढंच ऐकायचं, हा माझा जुना रोग.

परतीच्या सव्वा तासात मला एक सर्जन आठवत राहिले. नाव सांगत नाही. साधं हर्नियाचं ऑपरेशन, पण तीन तास. हातात हत्यार धरून ते आपल्या शिडाच्या बोटीबद्दल बोलायचे, आणि पडद्याच्या अलीकडे माझी त्रेधातिरपीट. प्रेशर खाली, औषध वर, पेशंट गार पडतोय, ब्लँकेट आणा. जागा झाला की तो थरथरायचा, ओकायचा, आणि सगळे माझ्याकडे बघायचे. त्या दिवशी माझं नाव सर्वांना कळायचं.

आणि मंगळवार. मंगळवारी कधी असं झालं नाही. ह्यांचे हात भराभर चालायचे, पण घाई नसायची. एक हालचाल फुकट नाही, एक शब्द फुकट नाही. मध्ये एकदा पडद्यावरून विचारायचे, "ठीक?" मी म्हणायची, "हं." बस. माझे पेशंट हसत जागे होतात, असं माझं हॉस्पिटलभर नाव होतं, आणि ते मी अंगभर मिरवलं. ते हसत जागे व्हायचे कारण त्यांना मी लवकर उठवू शकायची. आणि लवकर उठवू शकायची कारण पलीकडचा माणूस वेळेत काम उरकायचा. हे मी ह्यांना सव्वीस वर्षांत एकदाही बोलले नव्हते. आपल्या माणसाचं कौतुक कोण करतं?

आता हे मी त्यांना सांगितलं का? छे. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी आणखी ताठते. शिवाय आधी चूक त्यांची होती. आठवा आठवडा गेला, नववा लागला. दिवाळी जवळ येत होती. फ्रिजवरच्या चिठ्ठ्या कमी होत गेल्या, कारण विचारण्यासारखं काही उरेना. सगळं आपापलं व्हायला लागलं. मला पहिल्यांदा भीती वाटली. भांडणाची नाही. ह्याचीच सवय होईल, आणि पुढची वीस वर्षं दोन शहाणी माणसं एका घरात बिनबोभाट राहतील, ह्याची. संध्याकाळी पाचला अंधार पडायचा आणि घरात घड्याळ ऐकू यायचं. मला ह्यांच्या "ठीक?"ची इतकी आठवण यायची की एकदा मी उगाचच जिन्यावर खोकून पाहिलं. वरून काही आलं नाही.

एक बदल तेवढा झाला होता. हे मैदानावर दुर्बीण आणायला लागले होते. सगळे मधे बघायचे, हे कोपऱ्याकडे.

शेवटचा रविवार लख्ख उजाडला. गवतावर दव, तोंडातून वाफा, बेथचा घोटा बरा. सामना अगदी अटीतटीचा, आम्ही दोन गुणांनी पुढे, आणि समोरच्यांकडे शेवटची एक खेळी. बॉल मागे गेला. मी ह्या वेळी बॉलकडे पाहिलं नाही. रेवा आपल्या पोरीच्या खांद्याशी होती. एक. ती पोरगी आत वळली, रेवा तिच्यासोबत वळली. दोन. क्वार्टरबॅकने तिकडे पाहिलं, हात उचलला, आणि ती थांबली. तीन. तिने दुसरीकडे मान वळवली, पुन्हा रेवाच्या बाजूला वळवली. आणि चौथ्या सेकंदाला बेथ तिच्यावर येऊन पडली.

सगळं मैदान "बेथ, बेथ" म्हणून ओरडायला लागलं. त्यात एकच आवाज वेगळा होता, माझ्या उजव्या कानाशी. "शाबास, रेवा!" ज्या माणसाने आयुष्यात थिएटरमध्ये आवाज चढवला नाही, तो खुर्चीवर चढून ओरडत होता, आणि खुर्ची एका बाजूने चिखलात रुतत चालली होती. शेजारच्या गृहस्थांनी अदबीने सांगितलं की ती बेथ होती, रेवा नव्हे. हे खाली उतरले. म्हणाले, नाही, तुम्ही चुकीच्या ठिकाणी बघत होतात. आणि त्या बिचाऱ्याला धरून ह्यांनी चौथा सेकंद समजावून सांगायला सुरुवात केली, इंग्रजीत, पित्ताशयाच्या उदाहरणासह.

तिकडे बेथ चिखलात पालथी होती. गर्जना करायला तिने तोंड उघडलं, आणि तिला आठवलं. उठायच्याही आधी तिने मागे न बघताच हात वर केला आणि एक बोट रेवाच्या दिशेने धरलं. हे बोलता बोलता थांबले. दुर्बीण लावून त्या बोटाकडे बराच वेळ बघत राहिले. मग दुर्बीण खाली केली, पुसली, पुन्हा लावली. मी थर्मासचं झाकण लावत होते. घरी जाताना सॅटनॅवला ह्यांनी एकदाही "बरं" म्हटलं नाही.

पुढचा शनिवार, दिवाळीच्या आधीचा. फराळाचं सामान आणायला ईलिंग रोडवर गेलो, एका गाडीत, गप्प. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्या मेथीचा वास, पणत्यांचे ढीग, दिवाळीच्या दिव्यांची उघडझाप. आणि कोथिंबिरीच्या जुड्यांमागून सविताबेन. त्यांनी ह्यांचे दोन्ही हात धरले. डॉक्टरसाहेबांच्या हातात जादू आहे, त्यांनी दुकानाला सांगितलं. बारा वर्षं झाली, कधी दुखलं नाही. मी सवयीने दोन पावलं मागे सरले आणि पिशवी सावरून उभी राहिले.

ह्यांनी आपला उजवा हात सोडवून घेतला. वळले. आणि भर दुकानात, तो हात सरळ लांब करून, माझ्याकडे बोट दाखवलं.

एक शब्द नाही. नुसतं बोट. दिवाळीच्या गर्दीत, आपल्या माणसाचे आभार न मानणारा माझा नवरा सिग्नलच्या खांबासारखा उभा होता. मला रडू आलं. दहा आठवडे जे कुणाला दिसू दिलं नव्हतं ते सगळं डोळ्यांतून आलं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

सविताबेननी त्या बोटाच्या रेषेत पाहिलं. माझ्यामागे भेंडीचा खोका होता. त्या म्हणाल्या, भेंडी आज जून आहे, डॉक्टरसाहेब, गवार बघा.

मी पिशवी खाली ठेवली. मला पाचवा सेकंद कधी बघावा लागला नव्हता, मंगळवारच्या सव्वीस वर्षांत एकदाही नाही. मीही हात लांब केला आणि ह्यांच्याकडे बोट धरलं. मधून लोक वाकून, चुकवून जात होते. सविताबेननी आता ह्यांच्या मागे पाहिलं. तिथे गवार होती. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि हात टेकले. म्हणाल्या, एवढा वाद कशाला, दोन्ही घ्या.

"अहो," मी म्हटलं, "हात खाली करा आता. दोन्ही घेऊ."